डाव्या पंखाखालचा गोल

आमच्या कोल्हापुरात साधा माणूस शोधायचा म्हणजे घाम काढायचं काम. इथं चौकाचौकात फलक, आणि फलकावरचा प्रत्येक जण कुणाचा तरी श्वास, कुणाचा तरी आधार, नाहीतर निदान 'भावी' तरी असतोच. शहात्तर वर्षं जगून एकदाही ज्यांचा फोटो विजेच्या खांबावर चढला नाही असे गृहस्थ आमच्या पिंपळपार चौकात एकच आहेत, आणि ते माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून बसतात. शांतिनाथ भूपाल मगदूम. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. मी त्यांचा शेजारी सयाजी. माझी ओळख एवढी पुरे, कारण पुढं मी जो दिवा लावला आहे तो वाचल्यावर जास्त ओळख तुम्हालाही नको वाटेल.

आण्णांचा धंदा नंबरप्लेटा आणि पाट्या रंगवण्याचा. म्हणजे होता. सरकारनं छापील प्लेटा सक्तीच्या केल्यापासून आता टँकरवर 'पिण्याचे पाणी' आणि दवाखान्यावर 'चपला बाहेर काढा' एवढंच उरलंय. पण धंदा जोरात होता तेव्हाही आण्णांनी तो नीट चालू दिला नाही. कुणी बुलेट घेऊन यायचा आणि म्हणायचा, "आण्णा, एक्केचाळीस एक्केचाळीस हाय, त्याचं 'दादा' करून द्या." आण्णा चष्म्यावरून बघायचे. "नंबर वाचायसाठी असतोय. पळत्या गाडीवरनं, लांबनं, घाबरलेल्या माणसाला सुदीक वाचता आला पायजे. दादा व्हायचं असंल तर घरात व्हा." गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं. तिथं त्याला दादाच काय, पाहिजे तर आजोबाही करून मिळायचे.

दुसऱ्यांच्या दुकानात देवाचं कॅलेंडर असतं, आण्णांच्या भिंतीवर विमानं आहेत. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं, सगळी हातानं रंगवलेली. कुठल्या स्क्वाड्रनच्या विमानावर कुठली अक्षरं, शेपटीवर पट्टा किती इंच, पंखावरचा गोल किती मोठा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. घासून पांढरा पडलेला फोटो दाखवा, भिंग लावून सांगतील की हे विमान कुठल्या आघाडीवरचं आणि साधारण कुठल्या महिन्यातलं. इंग्लंडमधला कुणी निवृत्त पोस्टमन त्यांना मोबाईलवर फोटो पाठवून शंका विचारतो. आण्णा रुचिताकडून, म्हणजे नातीकडून, इंग्रजीत उत्तर लिहवून घेतात. तर असा हा जाणकार. सातासमुद्रापलीकडं त्यांना मान, आणि चौकात त्यांना प्रश्न एकच: "आण्णा, टेम्पोच्या मागं नाव कधी घालताय?"

आता हे गोलाचं प्रकरण काय ते सांगतो, कारण सगळी रड तिथंच आहे. त्या युद्धात वरून जाणारं विमान आपलं की शत्रूचं हे खालच्या माणसानं गोल बघून ठरवायचं. इंग्रजांच्या विमानावर निळ्या कड्यात मध्ये लाल ठिपका. आपली पोरं त्यांच्याच बाजूनं लढत होती, म्हणून आपल्या विमानांवरही तेच. जपान्यांच्या विमानावर नुसता लालभडक गोळा. ब्रह्मदेशाच्या बाजूला जंगलात तोफ लावून बसलेल्या, तीन रात्री न झोपलेल्या माणसाला वर लाल दिसला की तो कडं मोजत बसत नसे. झाडायचा. आपलीच विमानं आपल्याच तोफांना बळी पडायला लागली तेव्हा साहेबाच्या डोक्यात उजेड पडला. हुकूम निघाला की पूर्वेकडच्या विमानांवरचा लाल पुसून टाका. पुढं तिकडचे गोल दोन निळ्यांचे झाले, बाहेर गडद आणि आत फिका.

हुकूम काढायला सही लागते, पुसायला मात्र हात लागतो. त्यातला एक हात हुपरीच्या भूपाल मगदूमांचा होता. आण्णांचे वडील. घरात चांदीच्या पैंजणांचा धंदा, भूपाल नक्षीत तरबेज. चुलत्याशी भांडण झालं म्हणून रागारागानं हवाई दलात भरती झाले. भरती करणाऱ्यानं हात बघितले आणि बंदुकीऐवजी ब्रश दिला. विमानं रंगवायचं काम. जैनाचा पोरगा युद्धावर निघाला म्हणून घरी रडारड झाली, तेव्हा ते म्हणाले म्हणे, "रडताय कशाला? मुंगी बी मारत न्हाय मी. रंग मारतोय."

सरहद्दीवरच्या एका धावपट्टीवर बारा विमानं, दोन दिवस, आणि रंगाचे डबे मोजके. साहेब छडी घेऊन तपासायला येणार. उभ्या राहिलेल्या साहेबाला विमानाची वरची बाजू दिसते आणि कड दिसते, म्हणून भूपालनी आधी तेच उरकलं. पोटाकडचे गोल मागं ठेवले. त्यासाठी पंखाखाली चिखलात उताणं झोपावं लागायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फक्त एक गोल राहिला. 'के' अक्षराचं विमान, डाव्या पंखाची खालची बाजू. दिवस मावळायला आला होता. मावळतीआधी जेवायचं हा घरचा नेम, तो त्यांनी युद्धातही मोडला नव्हता. 'सकाळी करू' म्हणून त्यांनी ब्रश ठेवला आणि जेवायला गेले.

सकाळ व्हायच्या आधीच 'के' वर गेलं. परत येताना धावपट्टीच्या टोकाला आपल्याच तोफेवरच्या माणसानं खालून बघितलं. त्याला डाव्या पंखाखाली लाल दिसला. वैमानिक एकवीस वर्षांचा होता.

भूपाल मगदूम युद्ध संपल्यावर परत आले आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत संध्याकाळी जेवले नाहीत. दिवसाला एकदाच जेवायचे. लोकांना वाटलं केवढं हे व्रत! बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, तपस्वी म्हणून. कुणी थट्टेनं विचारायचं, "भूपालआप्पा, लढाईवर किती मारलेसा?" ते म्हणायचे, "एक." रंगाऱ्यानं मारला एक! लोक पोट धरून हसायचे. मरायच्या आदल्या दिवशी त्यांनी आण्णांना खरं सांगितलं, आणि वर म्हणाले, "एक गोल राह्यलाय रं माजा." त्या एका गोलापायी आण्णांनी पस्तीस वर्षं विमानं रंगवली. कागदावर. खरा पंख हुपरीत कुठं मिळणार आणि कोल्हापुरात तरी कुठं!

तर तो मिळाला. आणि देणारा कोण, तर विजयसिंहदादा.

विजयसिंहदादा हे माजी नगरसेवक, भावी आमदार आणि सध्या काहीच नाहीत. निवडणूक आज लागते, उद्या लागते अशा बातम्या आल्या की त्यांना समाजासाठी काहीतरी करावंसं वाटतं. गेल्या हिवाळ्यात त्यांना वाटलं की चौकात लढाऊ विमान उभारावं. महायुद्धात गेलेल्या पिंपळपारच्या वीरांचं स्मारक. वीर शोधायला गेल्यावर यादी जरा आखूड निघाली. एकाचे आजोबा पलटणीत आचारी होते. खुद्द दादांचे आजोबा भरती होऊन मिरज जंक्शनपर्यंत गेले होते आणि डबा घरी राहिला म्हणून परत आले. पण स्मारकाला एवढा इतिहास भरपूर झाला. शिरोलीच्या एका कारखान्यात फायबरचं विमान सांगितलं गेलं आणि रंगाचं काम, दुसरं कुणी विचारात नसल्यामुळं, आण्णांना.

त्या दिवशी आण्णा माझ्या दुकानात आले आणि खुर्चीत नुसते बसून राहिले. चहा दिला तर बशीत ओतायचं विसरले. "सयाजीराव," ते म्हणाले, "मोट्टा पंख हाय. खऱ्याएवढा." मी त्यांना इतकं हरखलेलं कधी बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं. खरंच वाटलं, उगाच लिहीत नाही.

रंग ठरवायला तालमीत बैठक बसली. पिंपळपार तालमीत पूर्वी कुस्ती व्हायची, आता फुटबॉल होतो, आणि बैठकीत दोन्ही होतं. भिंतीवर मिशीवाल्या पैलवानांचे फोटो, खाली चहा आणि भडंग. आण्णांनी गोलाचं पूर्ण मापाचं चित्र करून आणलं होतं. ते सतरंजीवर उलगडलं. बाहेर गडद निळा, आत फिका निळा. काम इतकं सुबक की पेल्याची किनार वाटावी.

हंबीरराव ताडकन उठले. हंबीरराव म्हणजे आमच्या संघाचे प्रशिक्षक आणि तालमीचा आवाज. "ह्ये काय हाय?"

"गोल हाय."

"त्यो दिसतोय की! रंग कुठला हाय? घोडेबावचा रंग हाय ह्यो!"

आणि सगळ्यांच्या डोक्यात वीज चमकली. पलीकडच्या घोडेबाव तालमीची जर्सी गडद निळी आणि फिकी निळी. आमची लाल-पांढरी. मागच्या वर्षी अंतिम सामन्यात त्यांनी आम्हाला तीन गोल घातले होते. सोयरीक जुळवताना इथं पत्रिकेच्या आधी जर्सी बघतात. घोडेबावच्या निळ्या रंगाची बादली आमच्या चौकात कुणी पाणी भरायला ठेवत नाही, आणि हे म्हातारं बावीस फुटी खांबावर त्यांचं विमान चढवायला निघालं होतं.

"लाल पायजे," हंबीरराव म्हणाले. "पांढऱ्यात लाल गोल. आपला."

"त्ये जपानचं विमान हुतंय," आण्णा म्हणाले.

"मग? जपान काय वाईट हाय? माझी गाडी जपानचीच हाय. पंधरा वर्सं झाली, इंजिनला हात लावलेला न्हाय."

"अवो, आपली माणसं जपानशी लढायला गेलती!"

"त्ये तवा. आता संबंध चांगलं हाईत," विजयसिंहदादांनी परराष्ट्र धोरण सांगून टाकलं.

तेव्हा आण्णांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. चाळीस माणसांसमोर उभं राहून वडलांची गोष्ट सांगितली. चार-पाच वाक्यात. आवाज चढवला नाही. लाल राहिला, आपल्याच माणसांनी पाडलं, पोरगं एकवीस वर्षांचं होतं, आप्पा पुन्हा संध्याकाळचे जेवले नाहीत. "तेवढा गोल मला नीट काढू द्या," ते म्हणाले.

मग दादा जवळ आले, आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मोबाईलवाल्यानं फोटो काढला. "आण्णा, लई वाईट झालं. मनापासनं सांगतो. पर आता कोण गोळ्या घालतंय आपल्याला?"

मतदान झालं. लालच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर एकोणचाळीस हात वर गेले. एकोणचाळिसावा माझा. दादांच्या पत्रकांच्या दहा हजार प्रती माझ्याकडं यायच्या होत्या, आणि सत्तेपुढं माणूस लवकर वाकतो असं म्हणतात ते खोटं आहे. माणूस झेरॉक्सपुढं लवकर वाकतो. आण्णांनी माझ्या हाताकडं बघितलं. त्यांनी शिवी दिली असती तर मी उलट दोन दिल्या असत्या आणि हिशेब मिटला असता.

त्यांनी चित्राची गुंडाळी केली. "लाल मी घालणार न्हाय," ते म्हणाले. "वरची बाजू, कडंची बाजू, शेपूट, समदं तुमचं. स्टिकरवाल्याकडनं करून घ्या. पोटाकडची बाजू तेवढी मला द्या. पैशे नकोत."

पैसे नकोत म्हटल्यावर ठराव मंजूर व्हायला दोन सेकंदही लागले नाहीत. "पोटाकडं कोण बघतंय आण्णा!" हंबीरराव उदार झाले. "तिकडं तुमी निळा लावा, न्हायतर पोपटी लावा. तालमीची हरकत न्हाय." तसं लेखी झालं. ठरावाची झेरॉक्स मीच काढली.

इथं चाळीस डोकी होती. दोन वकील, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि इमारती बांधणारा एक ठेकेदार होता. विमान खांबावर चढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, खांबाची उंचीसुद्धा त्याच बैठकीत ठरली होती. पण खांबावरच्या वस्तूची कुठली बाजू खालच्या माणसाला दिसते, हा विचार एकाच्याही मनाला शिवला नाही. माझ्याही नाही. जो माणूस पस्तीस वर्षं याच एका गोष्टीचा विचार करत होता तो मात्र गुंडाळी बगलेत मारून शांतपणे चपला घालत होता.

शरमेनं म्हणा, मी त्यांना तीन दिवस स्कूटरवरून शिरोलीला नेलं. कारखान्यात एका अर्धवट हत्तीच्या आणि बागेतल्या मोठ्या भूछत्राच्या मधे विमान टेकवलं होतं. पंख गुडघ्याएवढ्या उंचीवर. आण्णांनी जमिनीवर पोतं टाकलं आणि पंखाखाली उताणे झोपले. शहात्तराव्या वर्षी. खिळा आणि दोरी घेऊन वर्तुळ आखलं. रंग टपकून कपाळावर, चष्म्यावर पडायचा. मी म्हटलं, "आण्णा, विमान उलटं करून घेऊ की, कामगार हाईत." ते म्हणाले, "आप्पाचं कुणी उलटं केलंतं?"

दुसऱ्या दिवशी दादा पाहणीला आले. स्टिकरवाल्यानं वरच्या बाजूला लालभडक गोल चिकटवले होते, शेपटीवर दादांचा फोटो लावला होता, अंगावर 'व्ही' अक्षर टाकलं होतं, विजयसिंहचा व्ही आणि विजयाचा व्ही. दादा पंखाशेजारी उभे राहिले, चार फोटो काढले, 'एक नंबर' म्हणाले आणि गेले. खाली वाकले नाहीत. पांढऱ्या पँटचा माणूस वाकत नाही. पंखाखालून आण्णांचे फक्त पाय दिसत होते, ते बहुतेक मेकॅनिक समजून दादांनी त्या पायांनाही नमस्कार घातला.

तिसऱ्या दिवशी उजव्या पंखाखालचा गोल झाला होता, डाव्याचा बाहेरचा गडद निळा झाला होता. आतला फिका राहिला होता. अरुणाकाकूंनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, डबा दिला होता, कारण आण्णाही दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. कारखान्याच्या पत्र्यावरून ऊन उतरायला लागलं. मी घड्याळ बघितलं. "आण्णा, दिवस चाललाय. हात धुवा, जेवून घ्या. राह्यलेलं उद्या करू."

पंखाखाली ब्रश थांबला. आण्णांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, निळे ठिपके पडलेल्या चष्म्यातून. मग म्हणाले, "उद्या न्हाय."

मी काय बोलून गेलो ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जीभ हासडून घ्यावी असं वाटलं. मी दिवा लावला आणि धरून बसलो. गोल पुरा व्हायला साडेसात वाजले. शेवटी त्यांनी गोलाच्या शेजारी छोटंसं 'के' काढलं. डबा तसाच बंद परत गेला. काकूंनी दारात डबा हातात घेतला, वजनावरून ओळखलं आणि आत नेऊन ठेवला. आण्णा त्या दिवशी उपाशी झोपले आणि काकूही.

विमान कारखान्यातूनच कापडात गुंडाळून आलं, पहाटे क्रेननं खांबावर चढलं आणि बोल्ट आवळून क्रेन गेली. अनावरण दुपारी दोनचं होतं. त्यामुळं पाहुणे साडेचारला आले. बॅन्ड, हलगी, आणि गुलालाच्या पिशव्या. आमच्याकडं कशालाही गुलाल लागतो, बदली रद्द झाली तरी लागतो. तालमीची पोरं लाल-पांढऱ्या जर्सीत. पलीकडं चहाच्या गाड्यावर घोडेबावची दहा-बारा पोरं हात बांधून, आमची हौस बघायला. दादांनी भाषणात आजोबांना मिरजेच्या पुढं ब्रह्मदेशापर्यंत नेलं, आणि दोरी ओढली.

कापड खाली आलं. चौकानं माना वर केल्या.

वर निळं होतं. नुसतं निळं. दोन पंख आणि त्यांखाली दोन गोल, गडद निळे, आत फिके निळे. 'व्ही' दिसत नव्हता, शेपटीवरचे दादा दिसत नव्हते, आणि लाल गोल दिसत होते ते फक्त घारींना आणि चौकातल्या देसायांच्या घराच्या तिसऱ्या मजल्याला. त्यातून देसायांचा जावई घोडेबावचा.

चहाच्या गाड्याकडून एक आवाज उठला. "पिंपळपारवाल्यांचं आभार! घोडेबावचा... विजय असो!"

त्यानंतर जे झालं त्याला हंबीरराव पुढं 'उत्स्फूर्त प्रतिक्रिया' म्हणाले. "म्हाताऱ्यानं फशिवलं!" असं ओरडून पहिली पिशवी त्यांनीच मारली. गुलालाची पिशवी डाव्या पंखावर फुटली. मग पोरांनी धडाधड सुरुवात केली. खालून वर, नेम धरून, गोलावर. आपल्या चौकातली, आपल्या तालमीची पोरं, आपल्याच पैशानं उभारलेल्या आपल्याच विमानावर. पिशव्या संपल्यावर चपला गेल्या. पाहुण्यांचा सदरा गुलाबी झाला. दादा माईकवरून "कृपया शांतता राखा, कृपया पावण्यांवर टाकू नका" असं म्हणत होते.

मी आण्णांना शोधलं. ते खांबाला टेकून, बरोबर डाव्या पंखाखाली उभे होते. तोंड वर. चष्म्यावर, पांढऱ्या टोपीवर गुलाल पडत होता, मधून एखादी चप्पल शेजारी पडत होती. याच पोरांच्या बाजूनं मी हात वर केला होता. मी गर्दीतून घुसलो, एक पिशवी माझ्या कानावर बसली, ती मला मिळायलाच हवी होती. जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. जरा उशीरच झाला होता, पण राहिलो.

"आण्णा, चला. डोळ्यात जाईल."

त्यांनी माझा दंड धरला. "थांबा की. बघा."

मी वर बघितलं. एनॅमल रंग गुळगुळीत, वारा सुटलेला. गुलाल बसत होता आणि उडून जात होता. धुरळा जरा विरला की गोल पुन्हा दिसायचा, जसाच्या तसा निळा. पुढं तालमीनं तो लाल करायचा ठराव केला, पण क्रेन आणायची कुणी यावर अजून बैठका चालू आहेत, त्यामुळं तो आजही निळाच आहे. हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हा फक्त एकेक पिशवी जात होती आणि आण्णा ओठ हलवत ती मोजत होते.

पिशव्या संपल्या, चपला संपल्या, हंबीररावांचा आवाज बसला. पोरं चपला शोधायला लागली. आण्णा रडत होते, गुलालात दोन रेघा पडल्या होत्या.

"किती घातल्या बघा सयाजीराव," ते म्हणाले. "आपल्याच माणसांनी, खालनं. एवढ्या घातल्या. पडलं न्हाय."

त्यांनी टोपी झटकली, मावळतीकडं तोंड करून डोळ्यावर हात धरला आणि उन्हाचा अंदाज घेतला.

"दिवस अजून वर हाय," ते म्हणाले. "चला. तुमची काकू वाट बघत आसंल. जेवून घेऊ."